पाळणा हलवणारा माणूस

"पाळण्यात लेकरू हाये म्हणते, पण दिसत तं नाही व."

"झोपलं असन ना. मोठ्यानं नोको बोलू."

दोघी हसल्या. विहारामागच्या सभागृहात, जुने फोटो मांडलेल्या दुसऱ्या टेबलापाशी त्या उभ्या होत्या. बुद्धपौर्णिमेची वंदना नुकतीच आटोपली होती. दोघींच्या अंगावर पांढऱ्या साड्या होत्या आणि एकीच्या हातात खिरीचा द्रोण होता. द्रोण नेमका फोटोच्या वर होता. 'जरा मागे व्हा' एवढंच मला म्हणायचं होतं. मी खांबाआडून निघाले, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेले आणि टेबलच वीतभर माझ्याकडे ओढून घेतलं.

बायकांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्याईची पुतणी होय ते," द्रोणवाली दुसरीला म्हणाली. "इंग्लिश मिडियमची. बोलत नाही."

मी समोर असताना माझ्याबद्दल असं बोललं जाण्याची मला सवय होती. पण त्या दिवशी मला खरंच सांगायचं असं काहीतरी होतं, आणि ते कित्येक महिने मी नुसतं जवळ बाळगून होते. फोटोतल्या त्या पाळण्यात लेकरू नव्हतं. झोपलेलंही नव्हतं. ती वस्तू लेकरासाठी केलेलीच नव्हती. थोड्या वेळात नागपूरहून एक सर येणार होते, जुन्या फोटोंचे जाणकार. मोठे बाबा त्यांना एकेक फोटो दाखवत या टेबलाशी येणार होते आणि सगळ्या कॉलनीसमोर लेकराची गोष्ट सांगणार होते. सर हसले नसते कदाचित. पण बाकीचे हसले असते, आणि कॉलनीत हसू एकदा सुरू झालं की ते क्वार्टर-क्वार्टर फिरतं.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दोघेही जवाहरनगरच्या फॅक्टरीत. वडील ऑफिसात होते आणि मोठे बाबा लाकडी खोकी बनतात त्या सेक्शनमध्ये. आमच्या आणि त्यांच्या क्वार्टरमध्ये एक रस्ता होता आणि एक चिंचेचं झाड. शाळेतून आले की मी दप्तर आमच्याकडे टाकायची आणि रस्ता ओलांडायची. आमच्या घरात 'मले' म्हटलं की वडील लगेच 'मला' म्हणायला लावत. शाळेत 'मला'ही चालत नसे, तिथे इंग्रजीच. मोठ्या बाबांकडे कसंही बोललं तरी चालायचं, पण तोवर मला न बोलण्याची सवय लागून गेली होती. ते त्याबद्दल कधी काही म्हणाले नाहीत. आपलं काम पुढे ढकलायचे, म्हणजे अक्षरशः माझ्या पुढ्यात सरकवायचे, आणि म्हणायचे, "वाच बरं, काय लिहिलं हाये."

काम म्हणजे फोटो. सोनं सापडलं म्हणून माणसं जिथे जिथे धावली, तिथे उभ्या राहिलेल्या वस्त्यांचे अगदी सुरुवातीचे फोटो ते जमवत. कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, तिकडची बर्फातली एक नदी, आपल्याकडचं कोलार. भंडारा जिल्ह्यात हा छंद दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही. रस्त्याने जाताना लोक विचारायचे, "काय गा, सापडलं काय सोनं?" मोठे बाबा सायकलवरूनच उत्तर द्यायचे, "सापडलं, पण लोकायचं."

सुरुवात एका पेटीपासून झाली. नागपूरच्या रविवारच्या बाजारात त्यांना एक सागवानी पेटी दिसली होती. कामठीच्या कुठल्यातरी बंगल्यातून निघालेली असावी. त्यांनी घेतली ती तिच्या कोपऱ्यांचे सांधे बघून. एक खिळा नव्हता म्हणे. घरी येऊन उघडली तर आत जाड पुठ्ठ्याची कार्डं, आणि प्रत्येक कार्डावर एकच फोटो शेजारी शेजारी दोनदा चिकटवलेला. पुढच्या रविवारी ते दुकानदाराला विचारायला गेले की हे असं डबल का. दुकानदार म्हणाला, "एक पे एक फ्री है, काका."

ते जोडफोटो दोन भिंगांमधून पाहायचे असतात, मग चित्राला खोली येते, हे त्यांना कुठूनतरी पुढे कळलं. तेव्हा त्यांनी दोन भिंगं आणि प्लायवूडचे तुकडे घेऊन घरीच एक यंत्र केलं. पुढे कार्ड खोचायचं, मागून डोळे लावायचे. पहिल्यांदा मी डोळे लावले तेव्हा चिखलाचा एक रस्ता माझ्यासमोर लांबच लांब पसरला, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि अगदी जवळ, हात लावता येईल इतका जवळ, एक कुत्रा. मी मागे सरकले. मोठे बाबा खूश झाले. "भुंकत नाही तो," म्हणाले.

फोटो निवडायची त्यांची एक रीत होती. सोन्याचा खडा हातात धरलेला माणूस, खाणीचा मालक, टोप्या घातलेल्या साहेबांची रांग असे फोटो आले तर ते बदल्यात देऊन टाकत. त्यांना वस्ती लागायची. चूल कुठे मांडली, कपडे कुठे वाळत घातले, पाणी कशात भरून ठेवलं. भिंग घेऊन ते तासभर एका बादलीकडे पाहत. एका फोटोत दुकानांची रांग होती, समोरून प्रत्येक दुकान दुमजली, आणि बाजूने निरखलं तर मागे नुसती कापडाची झोपडी, वरचा मजला म्हणजे नुसती फळ्यांची भिंत. "हे तं आपलं लाखनी झालं," मोठे बाबा म्हणाले. "हायवेवर एवढा मोठा बोर्ड, अन् मांगं पाह्यलं तं टीन."

पेटीतली कार्डं संपल्यावर ते अदलाबदल करू लागले. फॅक्टरीत तिकिटं जमवणारे दोघं-तिघं होते, त्यांच्याकडून परदेशातले पत्ते मिळाले. आपली तिकिटं पाठवायची, त्यांच्याकडून फोटो मागवायचे. पुढे भंडाऱ्यात सायबर कॅफे आले तेव्हा ते मला स्कूटरवर मागे बसवून न्यायचे आणि मी ई-मेल लिहायची. ते सांगायचे, मी टाइप करायची. "लिही, का आमच्याकडे सगळे मजेत हायेत. लिही, का यंदा धान बरा झाला. मंग फोटोचं लिही." मला लाज वाटायची, पण मी लिहायची. ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंनी उत्तरात त्यांच्या कोंबड्यांबद्दल सविस्तर लिहिलं आणि तंबूंच्या वस्तीचा एक फार जुना, कडा उडालेला फोटो तसाच पाठवून दिला. बदल्यात काही नको म्हणाल्या. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, म्हणाली, "पाह्य, धानाचं लिहिलं म्हणून भेटला."

पाळण्याचं कार्ड त्या पहिल्या पेटीतलंच.

नदीकाठ. मागे तंबू. पुढे दगडगोट्यांत एक दाढीवाला माणूस उकिडवा बसलेला, डोक्यावर वाकडी टोपी. त्याच्या शेजारी लाकडी खोकं, आणि खोक्याला खाली दोन वाकड्या फळ्या लावलेल्या, पाळण्याला असतात तशा. खोक्याला वर एक दांडा आहे आणि माणसाचा हात त्या दांड्यावर आहे. एका तंबूच्या दाराशी एक बाई उभी आहे, कमरेवर हात ठेवून. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला छापलेल्या ओळीत 'क्रेडल' हा शब्द होता.

मी तेव्हा चौथीत असेन. मोठ्या बाबांनी डिक्शनरी काढली आणि शब्दावर बोट ठेवून मला दाखवलं. क्रेडल म्हणजे पाळणा. मला तर डिक्शनरीचीही गरज नव्हती. शाळेतल्या बालगीतात तो शब्द होता.

"म्हणजे बाप पाळणा हालवून राहिला," मोठे बाबा म्हणाले. त्यांनी भिंग खोक्यावर धरलं. "फळ्या कच्च्याच ठोकल्या. रंधासुद्धा नाही मारला. लेकरू टायमाच्या आधी आलं असन."

मोठी आई भाजी निवडत होती. ती उठून आली, तिनं फोटो पाहिला, आणि त्या दिवसापासून तो फोटो तिचा झाला.

"घ्या," ती म्हणाली. "गोरा माणूस असून हालवते. अन् बायको पाह्य, कशी कमरेवर हात ठेवून उभी हाये. आमच्यावाल्यानं कधी दोरीले हात नाही लावला."

"मी पाळणा बनवला होता," मोठे बाबा म्हणाले.

"बनवला. हालवला कोणं?"

त्यांचा मुलगा, माझा दादा, तेव्हा पुण्याला नोकरीला लागलेला होता, म्हणजे पाळणा केव्हाच माळ्यावर गेलेला. पण पाहुणे आले, चहा झाला, की मोठी आई स्वतःच तो फोटो आणायला सांगायची. मोठे बाबा गोष्ट सांगायचे. सोन्यासाठी घरदार सोडून गेलेला माणूस, सोबत बायको, वाटेतच झालेलं लेकरू, आणि दिवसभर वाळूत राबून आल्यावर हा पाळणा हलवतोय. मग मोठी आई आपलं वाक्य टाकायची. पाहुणे हसायचे. ते सगळं ठरल्यासारखं चालायचं, आणि मी खाटेच्या कोपऱ्यावर बसून तो फोटो हातोहात फिरताना पाहायची.

खरं काय ते मला नागपूरला कॉलेजात असताना कळलं. लायब्ररीत खाणकामाच्या इतिहासाचं एक मोठं चित्रांचं पुस्तक होतं. मोठ्या बाबांसाठी म्हणूनच मी ते उघडलं होतं, त्यांना सांगता येईल असं काही मिळालं तर पाहू म्हणून. एका पानावर तेच खोकं. त्याच वाकड्या फळ्या, तोच दांडा. बाजूला बाण काढून भागांची नावं दिली होती. वर चाळणी, तीत रेती आणि गोटे टाकायचे, वरून पाणी ओतायचं आणि दांड्याने खोकं हलवत राहायचं. गोटे वर राहतात, रेती वाहून जाते आणि सोन्याचे कण खाली आडव्या पट्ट्यांपाशी अडकतात. हलतं म्हणून त्याला पाळणा म्हणायचे.

मी पुस्तक मिटलं. मग परत उघडून पाहिलं, कुठे पाळण्यात लेकरू ठेवत असल्याचं काही लिहिलं आहे का. नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले ती सांगायचं ठरवूनच. मोठे बाबा निवृत्तीला आले होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं, लाखनीला घराचं बांधकाम चालू होतं, आणि आवराआवर म्हणून त्यांनी सगळी कार्डं वरांड्यात काढली होती. जुन्या मलमलच्या तुकड्याने एकेक पुसायची, कडुनिंबाचा वाळलेला पाला मध्ये घालायचा, परत ठेवायची. मी त्यांच्याजवळ सतरंजीवर बसले. पाळण्याचं कार्ड हातात आलं तेव्हा, एकदम सांगणं जमेना म्हणून, मी विचारलं, "मोठे बाबा, यात लेकरू आहे असं तुम्हाला कशावरून वाटलं?"

"पाळण्यात लेकरूच राहाते ना बेटा."

"पण दिसत नाही."

त्यांनी कार्ड मांडीवर ठेवलं.

"मी लहान होतो ना, करडी गावाले," ते म्हणाले, "तं नदीचं पाणी उतरलं का सोनझारी येत. चार-सहा घरं. वाळूवरच पालं टाकत. बाया दिवसभर पाण्यात उभ्या राहत. त्याईच्यापाशी लाकडाची काठवट राहे, हे एवढी, खोल. तिच्यात वाळू घ्यायची, पाणी घ्यायचं, अन् हालवायचं. हालवता हालवता वाळू जाय, खाली सोन्याचा कण राहे. कधी राहे, कधी नाही राहे." त्यांचे दोन्ही हात रिकामेच गोल फिरत होते. "अन् काम नसलं का त्याच काठवटीत लेकरू झोपवत. काम निघालं का लेकरू उचललं, वाळूवर लुगड्याच्या घडीवर ठेवलं. धुणं झालं का काठवट पुसली, लेकरू पुन्हा आत. एकच काठवट. मी पाहतच राहो. माय मारे, का त्या पालाकडे कायले जाते म्हणून."

"आता येतात ते?"

"आता नदीवर नाही. सराफा लाइनीत पाह्य, सोनाराच्या दुकानापुढली धूळ जमा करून धुतात. मी एकाले विचारलं होतं, का तुह्या आजाचा, तुमच्या त्या पालायचा एखादा फोटो हाये काय घरी. तो हसला. म्हणे, साहेब, आमचा फोटो कोण काढते?" मोठ्या बाबांनी कार्ड पुसलं, आधीच पुसलेलं होतं तरी. "त्याईचा नाही भेटत. मंग हे तं हे."

इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी ई-मेल लिहिले होते आणि हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, त्यांची चूक डिक्शनरीची आहे. ती मी नीट शब्दांत दुरुस्त करू शकले असते. पण आता त्या खोक्यातलं लेकरू काढायचं म्हणजे मला करडीच्या वाळूवरून काढावं लागणार होतं. मी पाला पसरत बसले. मोठी आई चहा घेऊन आली, तिला फोटो दिसला, आणि ती म्हणाली, "हालवून राहिला काय अजून? बिचाऱ्याचा हात दुखला असन."

प्रदर्शनाची कल्पना वडिलांची. मोठे बाबा कॉलनी सोडून जाणार, त्याआधी लोकांना एकदा तरी नीट बघू द्या, नाहीतर सायकलवरचा सोनेवाला एवढंच लक्षात राहील, असं ते म्हणाले. मोठे बाबा आधी नको नको म्हणत राहिले आणि मग महिनाभर दुसरं काही बोलेनात. बुद्धपौर्णिमेचा दिवस ठरला, कारण त्या दिवशी सगळे विहारात येतातच. टेबलं जमवली. खाली अंथरायला जुने नकाशे घेतले. त्यात शाळेतून रद्दीत निघालेला आपल्या जिल्ह्याचाही होता, गोंदिया वेगळा व्हायच्या आधीचा, चांगला ऐसपैस. त्यावर कॅलिफोर्निया बसलं. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे.

"मराठीत लिही अन् इंग्रजीत बी लिही," मोठे बाबा म्हणाले. "इंग्रजीत असलं का लोकं खरं समजतात."

मी सगळ्या लिहिल्या. पाळण्याची राहिली. एका चिठ्ठीवर मी वर इंग्रजीत 'क्रेडल' आणि खाली मराठीत 'पाळणा' एवढंच लिहून पाहिलं. दोन्ही शब्द बरोबर होते. सरांना त्यांचा अर्थ लागला असता, मोठ्या बाबांना त्यांचा, आणि कुणालाच काही कळलं नसतं. मी ती चिठ्ठी चुरगळून पर्समध्ये टाकली.

"याची चिठ्ठी?" मोठ्या बाबांनी विचारलं होतं.

"लिहिते."

"लिही. आपला मेन फोटो तोच हाये."

खिरीचा द्रोण घेतलेल्या बाई पुढच्या टेबलाकडे सरकल्या तेव्हा बाहेर गाडी थांबली. वडील पुढे धावले. सर उंच, सावळे, खांद्याला झोळी लावलेले. मला वाटलं होतं ते सूटबूट घालून येतील. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आधी विहारात जाऊन आले आणि मग पहिल्या टेबलावर असे वाकले की लोकांना त्यांची पाठच दिसत होती. मोठे बाबा शेजारी उभे राहिले. नवा शर्ट, घडीच्या रेघा तशाच. सुरुवातीला ते नुसत्या चिठ्ठ्या पुढे सरकवत होते. मग सरांनी दुमजली दुकानांच्या फोटोवर बोट ठेवलं, मोठे बाबा लाखनीचं म्हणाले, आणि सर मनापासून हसले. म्हणाले, "अहो, मी मागच्याच महिन्यात तिथे चहा पिऊन आलो." त्यानंतर मोठ्या बाबांना थांबवणं अवघड झालं. बादल्या, चुली, कुत्रा, कोंबड्यांच्या बाईंचा तंबू. सर प्रत्येक ठिकाणी थांबत होते. एका कार्डापाशी ते म्हणाले की इतकं जुनं, इतकं स्वच्छ कार्ड त्यांनी हाताळलेलं नाही. लोक जवळ सरकू लागले. खीर विसरून लोक ऐकत होते. सायकलवरून त्यांना हाका मारणारे काकाही होते, आणि ते हसत नव्हते.

ते सगळे दुसऱ्या टेबलाकडे येत होते. मी टाचण्यांची डबी बंद केली, उघडली, परत बंद केली.

"अन् हा आमचा पाळणावाला," मोठे बाबा म्हणाले.

मोठी आई जणू वाटच पाहत होती. गर्दीतून वाट काढत ती पुढे आली. "पाह्या सर," ती म्हणाली, "गोरा माणूस असून हालवते. यायनं कधी दोरी नाही धरली."

सगळं सभागृह हसलं. मोठे बाबाही हसले. सरही. त्यांनी कार्ड यंत्रात खोचलं आणि डोळे लावले. पुष्कळ वेळ ते तसेच राहिले. मला ठाऊक होतं त्यांना काय दिसत असेल. मीही पाहिलं होतं कितीदा, कळल्यानंतर. त्या भिंगांतून खोकं पुढे येतं, आणि वरच्या कडेला चाळणीतून बाहेर आलेले दोन-तीन गोटे स्पष्ट दिसतात, ओले.

सरांनी यंत्र खाली ठेवलं. फोटोखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. इतर सगळीकडे चिठ्ठ्या होत्या. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या डबीवर आली आणि माझ्याकडे. चिठ्ठ्या कुणी लिहिल्या ते त्यांना समजलं असावं. ते किंचित माझ्या बाजूला झुकले आणि इंग्रजीत, हळू आवाजात त्यांनी विचारलं, हे काय आहे ते तुला ठाऊक आहे ना?

ते चांगले होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं ते माझ्यासाठी आणि मोठ्या बाबांसाठीच, कुणाला कळू नये म्हणून. मी इंग्रजीत 'हो' म्हटलं असतं की ते पुढच्या फोटोकडे वळले असते. गोष्ट तशीच राहिली असती, मोठी आई आपलं वाक्य म्हणत राहिली असती, कुणीच हसलं नसतं.

पण मी मोठ्या बाबांकडे पाहिलं. ते आम्हा दोघांच्या मध्ये उभे होते आणि मान डोलवत होते. त्यांचं ते हसू माझ्या ओळखीचं होतं. बँकेत, सायबर कॅफेत, दादाच्या ऑफिसातला कुणी फोनवर बोलला तेव्हा, जिथे जिथे त्यांच्या डोक्यावरून इंग्रजी गेलं तिथे तिथे ते असंच हसत आणि अशीच मान डोलवत. आत्ता घटकाभरापूर्वी ते या सभागृहात सगळ्यांना सांगत होते, आणि मी एक शब्द इंग्रजीत बोलले असते तर ते त्यांच्याच टेबलापाशी तसे उभे राहिले असते, त्यांच्याच फोटोबद्दल.

"काय म्हणून राहिले सर?" त्यांनी मला विचारलं.

लोक थांबले होते. द्रोणवाली बाई टाचा उंचावून पाहत होती. मराठीतलं जे वाक्य मी कित्येक महिने तयार करून ठेवलं होतं, 'मला' आणि 'तुम्हाला' घालून, नीट, ते आठवेना. जे आलं ते वडिलांच्या घरात मी कधीच बोलले नसते अशा भाषेत आलं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ मोठ्यानं.

"वाळू धुवाचा पाळणा हाये तो, मोठे बाबा, तुमच्या त्या काठवटीसारखा. आता काम चालू हाये ना, म्हणून लेकरू उचलून बाजूले ठेवलं असन."